धारवाडचा एक वर्ग, पुण्याचे एक व्यासपीठ

हुबळी-धारवाडचे नाव निघाले की रसिकांस गवयांची आठवण होते आणि भाविकांस सिद्धारूढांच्या मठाची. परंतु योगविद्येच्या अर्वाचीन इतिहासातही या जोडनगरीस एक लहानसे, पण मोलाचे स्थान आहे, याचे स्मरण फारच थोड्यांस असते. आज वैद्यकीय महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांस मनःस्वास्थ्यासाठी योगाभ्यास शिकवावा, असे सर्वत्र बोलले जात आहे. अशा वेळी त्या जुन्या प्रसंगाकडे वळून पाहणे आम्हांस उचित वाटते.

गोष्ट १९३६ सालची. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील योगशाळेचे आचार्य तिरुमलै कृष्णमाचार्य शिष्यांसह उत्तर कर्नाटकाच्या दौऱ्यावर निघाले होते. गावोगावी व्याख्याने होत आणि शिष्य आसने करून दाखवीत. धारवाडास आल्यावर तेथील काही स्त्रियांनी आसने शिकण्याची इच्छा दर्शविली. त्या काळी स्त्रियांस शिकविण्यासाठी प्रौढ पुरुष पाठविणे संकोचाचे होते, म्हणून शिष्यांपैकी वयाने सर्वांत लहान असलेल्याची निवड झाली. तो सतरा वर्षांचा मुलगा म्हणजेच पुढे जगभर कीर्ती पावलेले बी. के. एस. अय्यंगार. त्यांच्या अध्यापनाचा आरंभ असा धारवाडात झाला.

हा मुलगा शिक्षक म्हणून शोभावा असा मुळीच नव्हता. इन्फ्लुएंझाच्या साथीच्या काळात, १९१८ च्या डिसेंबरात, कोलार जिल्ह्यातील बेळ्ळूर गावी त्याचा जन्म झाला. हिवताप, विषमज्वर आणि क्षय या तिन्ही व्याधींनी त्याचे बालपण पोखरले होते. कृष्णमाचार्य हे त्याच्या बहिणीचे यजमान. त्यांच्याकडे तो गेला तो विद्वत्तेसाठी नव्हे, प्रकृतीसाठी. स्वतःच्या देहावर जे अनुभवले तेच त्याने पुढे शिकविले, आणि त्याच्या शिकवणीत रुग्णाविषयीची कणव कायम राहिली ती यामुळेच असावी, असे आम्हांस वाटते.

याच दौऱ्यात बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी या तरुणाची आसने पाहिली. पाहणारा मनुष्य शस्त्रक्रियेचा जाणकार होता. सांधा किती वळतो, स्नायू कोठे ताणतो, पाठीचा कणा कसा उलगडतो, हे त्यास पुस्तकावरून ठाऊक होते, आणि येथे ते जिवंत देहावर दिसत होते. पुढे निवृत्त होऊन पुण्यास स्थायिक झाल्यावर त्यांनी डेक्कन जिमखान्याकडून या तरुणास बोलावणे धाडविले. १९३७ साली अय्यंगार सहा महिन्यांसाठी म्हणून पुण्यास आले. मराठीचा गंध नाही, वय अठरा, विद्यार्थी त्यांच्याहून थोर आणि अधिक शिकलेले. अशा स्थितीत डॉ. गोखले व्यासपीठावरून आसनांचे शारीर विवेचन करीत आणि अय्यंगार ती आसने करून दाखवीत. सहा महिन्यांचे ते वास्तव्य जन्मभराचे झाले. १९७५ साली पुण्यात रमामणी अय्यंगार स्मारक योगसंस्था उभी राहिली. २० ऑगस्ट २०१४ रोजी त्यांनी देह ठेवला तोही पुण्यातच.

या हकीकतीचे मर्म आमच्या मते असे की, येथे वैद्य श्रद्धेने वाकला नाही आणि योगी शास्त्रापुढे दबला नाही. एकाने पाहिले, दुसऱ्याने करून दाखविले, आणि दोघे एकाच व्यासपीठावर उभे राहिले.

असे व्यासपीठ महाराष्ट्रात त्यापूर्वीच बांधले जात होते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना उदरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या व दाबमापक यंत्राच्या साहाय्याने तपासले. ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे, अशी त्यांची भूमिका नव्हती. ते तपासावे, आणि तपासात टिकेल ते जगापुढे मांडावे, अशी होती. याच परंपरेतून पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी, कैवल्यधामाचे विनेकर यांस सहकारी करून, रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा प्रयोग केला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. औषध न घेणाऱ्या रुग्णांच्या गटात सरासरी रक्तदाब १३४ वरून १०७ पर्यंत उतरला. प्रयोग लहान होता. तथापि ज्या आसनात बाह्यतः काहीच करावयाचे नसते, त्याचा परिणाम पाऱ्याच्या नळीवर वाचता येतो, ही गोष्ट त्याने दाखवून दिली.

योगायोग असा की, धारवाडात तो वर्ग भरला त्याच १९३६ साली हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाचा एक छोटा लेख ‘नेचर’ या नियतकालिकात आला. आघात कोणताही असो, देह त्यास एकाच ठराविक क्रमाने प्रतिसाद देतो, असे त्यात सांगितले होते. आज आपण ज्यास ‘ताण’ म्हणतो त्याच्या शास्त्राचा उगम तेथे आहे. पुढे काशी हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची उभारणी करणारे, मूळचे दक्षिण कानडा जिल्ह्यातील शल्यचिकित्सक डॉ. के. एन. उडुप यांनी ताण आणि योग या दोहोंचा सांधा जुळवून संशोधन केले.

आता हुबळीकडे परत येऊ. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला हा प्रदेश म्हैसूर राज्यात आला. पुढल्याच वर्षी, १९५७ साली, हुबळीस कर्नाटक मेडिकल कॉलेज स्थापन झाले. पुढे त्याचाच विस्तार होऊन ते ‘किम्स’ या नावाने परिचित झाले. धारवाडासही २००३ साली धर्मस्थळाच्या विश्वस्तसंस्थेचे एस. डी. एम. वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आमच्या समाजातील कित्येक घरांतील मुलेमुली अशा महाविद्यालयांतून शिकत आहेत. डॉक्टर होणार म्हणून त्यांचे कौतुक आपण करतो. परंतु ती मुले रात्री किती झोपतात, हे आपण क्वचितच विचारतो.

हा प्रश्न पोकळ नव्हे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नेमलेल्या कार्यदलाचा अहवाल २०२४ साली आला. त्याने घेतलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपणांस मानसिक विकाराचे निदान झाले असल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांकडून आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम घेऊ नये, आठवड्यास एक दिवस सुटी द्यावी, असे त्या कार्यदलाने सुचविले. जेथे ७४ तास ही सवलत ठरते, तेथे मूळ भार केवढा असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

याच आयोगाने २०२२ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी १२ जूनपासून आंतरराष्ट्रीय योगदिनापर्यंत दहा दिवसांचा योगाभ्यास सुचविला. या उपक्रमाचे आम्ही स्वागत करतो. मात्र दहा दिवसांची कवाईत म्हणजे अभ्यास नव्हे. संध्येतील प्राणायाम आपल्या पूर्वजांनी नित्यकर्मात घातला, उत्सवात नव्हे, यात एक व्यवहारज्ञान होते. निःश्वास सावकाश व दीर्घ केला की व्हेगस नामक मज्जातंतूचा प्रभाव वाढतो व हृदयाची गती मंदावते. ही क्रिया दोन मिनिटांतही साधते. पण संकटाच्या वेळी ती आपणहून हाताशी यावी, यासाठी ती रोज घडलेली असावी लागते.

दुसरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. योग हा विश्रांतीचा पर्याय नव्हे. छत्तीस तास जागलेल्या मुलास शवासन शिकविणे म्हणजे उपाशी मनुष्यास पचनाचे नियम सांगण्यासारखे आहे. त्यास आधी झोप दिली पाहिजे. मन खोल खचले असेल तर वैद्याकडे जाण्यात कमीपणा नाही, हेही घरच्या वडीलधाऱ्यांनीच त्यास सांगितले पाहिजे. योगाच्या नावाखाली व्यवस्थेचे दोष झाकले गेले, तर त्यात योगाचीच बदनामी होईल.

डॉ. गोखले आणि अय्यंगार यांच्या उदाहरणाचा बोध आम्ही असाच घेतो. वैद्यकाच्या शाळेत योगास स्थान मिळावे ते एका डोळस सर्जनाने दिले तसे, म्हणजे पारखून आणि आदराने मिळावे. आणि ज्यांच्या हाती उद्या आपले रुग्ण सोपवायचे, त्या मुलांस आपल्या स्वतःच्या देहाकडेही त्याच डोळसपणे पाहण्यास शिकवावे. आपापल्या मंदिरांच्या सभागृहांत सुटीस आलेल्या या विद्यार्थ्यांसाठी सकाळचा एक शांत तास मोकळा ठेवणे, एवढे तरी आपल्या समाजास सहज करता येईल.