पिरॅमिडवरची खाच

लहानपणी आमच्या मोहल्ल्यात पिरॅमिडचा विषय निघाला की लगेच फिरऔनचं नाव यायचं. मूसा अलैहिस्सलाम यांचा पाठलाग करणारा आणि दर्यात बुडालेला तो फिरऔन. पिरॅमिड त्यानेच गुलामांना चाबकाने मारून बांधून घेतले, अशी आमची पक्की समजूत होती. पुढे वाचायला लागल्यावर सन जुळेनात. गिझाचे तीन मोठे पिरॅमिड साधारण इ.स.पू. २६०० ते २५०० या काळातले आहेत. हजरत मूसांचा काळ बरेच अभ्यासक इ.स.पू. तेराव्या शतकाच्या आसपास धरतात. म्हणजे त्यांच्या वेळी हे पिरॅमिड बाराशे-तेराशे वर्षांचे जुने झालेले होते. फिरऔन ही मिसरच्या राजांची पदवी. एका फिरऔनचा गुन्हा आम्ही सगळ्यांच्या माथी मारला होता.

ही थडगी वाळवंटाच्या काठावरच का बांधली, हे नकाशा पाहिला की समजतं. सहारा म्हणजे सुमारे ९० लाख चौरस किलोमीटर, आपल्या भारताच्या जवळपास तिप्पट. हे नाव अरबी ‘सहरा’वरून आलं आणि त्याचा अर्थच वाळवंट. ‘सहाराचं वाळवंट’ म्हणताना आपण वाळवंटाचं वाळवंट म्हणतो! त्यात वाळूच्या टेकड्या जेमतेम चौथा हिस्सा, बाकी खडकाळ पठारं, दगडगोट्यांची मैदानं आणि डोंगर. चाडमधला एमी कुसी ३,४०० मीटरच्या वर जातो, तर मिसरमधला कत्तारा हा सखल भाग समुद्रसपाटीच्या १३३ मीटर खाली आहे. काही हजार वर्षांपूर्वी इथे गवत होतं, तळी होती, गुरं चरत होती. पाऊस हटत गेला तशी माणसं नाईलच्या काठाला सरकली. तिथे पुराच्या गाळाची चिंचोळी काळी पट्टी होती. शेती करायची ती तिच्यावरच, म्हणून मुर्दे तिच्याबाहेर. सूर्य मावळतो ती पश्चिम बाजू मृतांची. शिवाय गिझाला चुनखडीचं टणक पठार आहे, पुराचं पाणी त्याच्यावर चढत नाही, आणि बहुतेक दगड तिथल्या तिथेच खणून काढता येतो.

खुफूचा पिरॅमिड मुळात सुमारे १४६ मीटर उंच होता. त्यात अंदाजे २३ लाख दगड आहेत. इतकं काम गुलामांनीच केलं असणार, असं जगभर मानलं जाई. १९९० मध्ये गिझाजवळ एका घोड्याचा पाय जुन्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि तिथे कामगारांची थडगी निघाली. मोडून पुन्हा नीट जुळलेली हाडं त्यांत सापडली, म्हणजे या माणसांवर उपचार होत होते. वस्तीच्या जागी भाकरीच्या भट्ट्या सापडल्या. राजाच्या थडग्याच्या सावलीत ज्यांना स्वतःची कबर मिळाली, त्यांना गुलाम म्हणणं कठीण आहे. आराम होता असंही नाही. त्यांच्या मणक्यांवर ओझ्याच्या खुणा आहेत.

२०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ इथे, पिअर तालेट यांच्या चमूला पपायरसचे तुकडे मिळाले. मेरेर नावाच्या मुकादमाची ती रोजनिशी आहे. चाळीसेक माणसं घेऊन तो नाईलच्या पूर्वेकडच्या तुरा इथल्या खाणीतली पांढरी चुनखडी होडीने गिझाला पोहोचवत होता. आज कुठे मुक्काम, उद्या कुठे, एवढाच हिशेब. साडेचार हजार वर्षं तो टिकला याचं श्रेय वाळवंटाच्या कोरड्या हवेला द्यायला हवं. आपल्या कोकणात असता तर पहिल्या पावसाळ्यातच त्याचा लगदा झाला असता.

आता आपल्याच इतिहासाकडे येऊ. सुलतान सलाहुद्दीनचा मुलगा अल-अजीज उस्मान मिसरच्या गादीवर असताना दरबारातल्या कोणीतरी त्याच्या कानाला लागून पिरॅमिड पाडायची कल्पना त्याच्या डोक्यात भरवली. सन ११९६. सुरुवात तिघांतल्या सर्वांत लहान, मेनकौरेच्या पिरॅमिडपासून झाली. पाथरवट आणले, तळ ठोकला. बगदादचा हकीम अब्दुल लतीफ थोड्याच वर्षांत तिथे गेला आणि त्याने सगळी हकिगत लिहून ठेवली. वरून माणसं पहारींनी दगड ढकलत, खालून दोर लावून ओढत. दिवसभरात एखाद-दुसरा दगड निघे. मोठ्या धमाक्याने तो खाली येऊन वाळूत रुते, मग तो उकरून काढायचा, फोडायचा आणि दूर नेऊन टाकायचा. असं आठ महिने चाललं. शेवटी पैसा संपला, माणसं थकली आणि तळ उठला. हकीम म्हणतो, पडलेल्या दगडांचा ढीग पाहिला की वाटतं पिरॅमिड मुळासकट गेला, आणि पिरॅमिडकडे पाहिलं तर काही झालंय असं वाटत नाही. एका मुकादमाला त्याने विचारलं, हजार दिनार दिले तर यातला एक दगड परत जागेवर बसवशील का? कितीही पट दिले तरी जमणार नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं.

सुलतानही मुसलमान आणि हकीमही मुसलमान. आज कोणी जुन्या मूर्ती-इमारती फोडल्या की त्याला धर्माची शिस्त म्हणणारे आपल्यातच निघतात. त्यांना हा हकीम ठाऊक नसतो. त्याच्यानंतर थोड्याच काळाने अबू जाफर अल-इद्रीसीने (नकाशेवाला इद्रीसी वेगळा) फक्त पिरॅमिडवर एक किताब लिहिली. त्याचा मुद्दा साधा होता. सहाबा मिसरमध्ये आले, या पिरॅमिडांजवळ राहिले, आणि त्यांनी ते पाडले नाहीत. मला हा मुद्दा निरुत्तर करणारा वाटतो.

नुकसान झालंच नाही असंही नाही. बाहेरचा गुळगुळीत पांढरा थर, मेरेरने होडीतून आणला होता तसलाच दगड, पुढे कैरोच्या बांधकामांत गेला. अल-अजीज ११९८ मध्ये वारला. मेनकौरेच्या पिरॅमिडच्या उत्तर बाजूला त्याने पाडलेली उभी खाच अजून आहे, आणि प्रवासी तिच्याखाली उभे राहून फोटो काढतात.