वाजवी सबब आणि पालकाचा हक्क : मानकोली परिसराच्या संदर्भात एक टिपण

आपल्याकडील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा इतिहास बहुधा मुलाच्या बाजूने लिहिला गेला आहे. किती मुले पटावर आली, किती गळाली, मुलींचे प्रमाण काय होते, हे त्यात पाहिले जाते. पालक त्यात येतो तो केवळ अनुषंगाने. प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे ते पालकाकडे, आणि तेही ज्याचे मूल अंध, मूकबधिर, मतिमंद किंवा अन्य प्रकारे विकल आहे अशा पालकाकडे. शासनाने या पालकास कोणत्या प्रसंगी काय कळविण्याचे बंधन स्वतःवर घेतले, हा येथील प्रश्न आहे.

विवेचनासाठी भिवंडी तालुक्यातील मानकोली हे गाव समोर ठेवले आहे. मुंबई-नाशिक महामार्गावर ठाणे आणि भिवंडी यांच्या दरम्यान ते वसले असून, वसईच्या मोहिमेमुळे ज्यांचे नाव इतिहासात राहिले त्या गंगाजी नाईकांचे अंजूर येथून जवळच आहे. एकेकाळी भातशेतीचा असलेला हा टापू आज मालाच्या गोदामांनी भरून गेला आहे. त्यामुळे येथील पालक एका साच्याचा राहिलेला नाही. एकीकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी आगरी कुटुंबे आहेत, तर दुसरीकडे गोदामांतील कामासाठी उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेली व कामाच्या सोयीप्रमाणे खोली बदलणारी कुटुंबे आहेत. पालकास सूचना देणे म्हणजे नेमके कोणाला, कोणत्या भाषेत व कोणत्या पत्त्यावर, हा प्रश्न अशा ठिकाणी जितका उघडा पडतो तितका तो पुण्या-मुंबईच्या जुन्या पेठांत पडत नाही.

प्रारंभ नामदार गोखले यांच्या १९११ च्या विधेयकापासून करणे सोयीचे होईल. ते १९१२ मध्ये फेटाळले गेले, तरी त्याची घडण पुढील कायद्यांत टिकून राहिली. मुलास शाळेत पाठविणे हे पालकाचे कर्तव्य ठरवावयाचे, आणि ते न पाळण्यास काही 'वाजवी सबबी' मान्य करावयाच्या, अशी ती घडण होती. या सबबींत आजारपण, शारीरिक दुर्बलता, घरची निकड आणि शेतीचा हंगाम यांना एकाच ओळीत बसविले होते. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटेल, परंतु तिच्यातच पुढील अर्धशतकाचे धोरण सामावले आहे. लावणीचा हंगाम महिन्या-दीड महिन्याने संपतो आणि मूल शाळेत परत येते. जन्मांध मुलाची 'सबब' मात्र कधीच संपत नाही. कायद्याने पालकास दिलेली ही सूट प्रत्यक्षात मुलास शाळेतून दिलेला कायमचा निरोप होता. त्यात दुष्टबुद्धी होती असे म्हणता येणार नाही. पालकास दंड होऊ नये एवढाच तिचा हेतू होता.

मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने झालेला १९१८ चा कायदा नगरपालिकांपुरता होता. १९२३ च्या कायद्याने हे क्षेत्र वाढले आणि १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने त्यास व्यापक रूप आले. मानकोलीसारख्या गावांच्या शाळा या कायद्याखाली जिल्हा स्कूल बोर्डाकडे होत्या. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर त्या परिषदेकडे गेल्या. या सर्व काळात पालकाशी होणारा शासनाचा पत्रव्यवहार हा कर्तव्याविषयीचा होता. इतर राज्यांपुढे नमुना म्हणून ठेवल्या गेलेल्या १९६० च्या दिल्ली प्राथमिक शिक्षण कायद्यात तर ते स्पष्टच दिसते. आपल्यावर मुलास शाळेत पाठविण्याचे बंधन आहे हे प्रत्येक पालकास कळविणे, ही हजेरी अधिकाऱ्याची जबाबदारी म्हणून तेथे घातली आहे. त्याच कायद्यात मुलाचे शारीरिक अथवा मानसिक वैगुण्य ही वाजवी सबब ठरविली आहे. जवळपास विशेष शाळा असल्यास अशा मुलास तेथे पाठविण्याचा हुकूम देण्याची तरतूदही तीत आहे. तथापि हुकूम देण्यासाठी शाळा असावी लागते.

अशा शाळा होत्या त्या बहुतेक मुंबईत. मूकबधिरांसाठी १८८५ मध्ये निघालेली माझगावची संस्था, अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये काढलेली अंधशाळा, १९०२ मधील ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा, ही त्यांतील ठळक नावे. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनातही अंध स्त्रियांच्या शिक्षणाची सोय होती. मिशन आणि दानशूर धनिक यांच्या नंतर तिसरा संस्थापक पुढे आला, तो पालक होय. आपल्या मुलीसाठी कोठेच सोय नाही हे पाहून होरमसजी व जय वकील या दांपत्याने १९४४ मध्ये मतिमंद मुलांची शाळा सुरू केली. मेंदूचा पक्षाघात असलेल्या कन्येच्या अनुभवातून मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापिली. पालकांना माहिती मिळण्याचा खरा मार्ग बराच काळ हा होता : एका पालकाकडून दुसऱ्या पालकाकडे. हा मार्ग अर्थातच ओळखीचा, इंग्रजीचा आणि शहराचा होता. मानकोलीपासून या शाळा पन्नास किलोमीटरांच्या आत आहेत, पण अंतर हे नेहमीच किलोमीटरांत मोजता येत नाही.

१९७४ मध्ये केंद्र सरकारने अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षणाची योजना आणली आणि सामान्य शाळेचे दार, निदान कागदोपत्री, किलकिले झाले. योजना मात्र हक्क देत नाही. ती अनुदान देते. याच सुमारास अमेरिकेत निराळी गोष्ट घडत होती. पेनसिल्व्हेनिया व कोलंबिया जिल्हा येथील खटल्यांचे निकाल १९७२ पर्यंत लागले आणि १९७५ मध्ये अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. शाळेने मुलाची तपासणी करण्यापूर्वी पालकाची संमती घ्यावी, मुलाच्या वर्गात वा शिक्षणक्रमात बदल करावयाचा वा नाकारावयाचा झाल्यास पालकास आगाऊ लेखी कळवावे, शक्यतो ही सूचना त्याच्या मातृभाषेत असावी, आणि निर्णय न पटल्यास त्यास सुनावणी मागता यावी, अशी रचना त्यातून उभी राहिली. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या हाती आज शाळेकडून 'विशेष शिक्षणातील पालकांचे हक्क' अशा नावाची पुस्तिका पडते. इंग्लंडमध्येही वॉर्नॉक समितीच्या १९७८ च्या अहवालानंतर १९८१ च्या कायद्याने पालकास मूल्यमापनात स्थान दिले. या पद्धतीत कागदपत्रांचा सोस वाढतो ही टीका रास्त आहे. पण कागद कोणी कोणास द्यावयाचा, हे तेथे ठरलेले आहे.

भारतात हक्काची भाषा आली ती १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने. अठराव्या वर्षापर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण हे त्याचे मुख्य कलम सर्वांस ठाऊक असते. त्यामानाने कलम ३० कडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. मुलास कोणत्या शाळेत घालावे याविषयीच्या पालकांच्या तक्रारींसाठी योग्य मंच स्थापावेत, असे त्यात म्हटले होते. पालक हा तक्रार करणारा, म्हणजे ज्याचे म्हणणे ऐकले पाहिजे असा पक्ष आहे, ही कल्पना या विषयावरील आपल्या कायद्यात येथे उमटली. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आल्यावर जुना कायदा रद्द झाला आणि पालकांच्या मंचाचे ते कलमही त्याबरोबर गेले. त्याच्या जागी आता शासकीय आस्थापनांतील तक्रार निवारण अधिकारी व राज्य आयुक्त आहेत. आयुक्तांचे कार्यालय पुण्यास आहे.

नव्या कायद्याने दिलेले पुष्कळ आहे हे नाकारण्याचे कारण नाही. कलम १६ नुसार शासनाच्या अनुदानावर वा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावयाचा आहे. कलम ३१ नुसार सहा ते अठरा वयाच्या मुलास नजीकच्या शाळेत वा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळावयाचे आहे. मात्र यांतील दुसरे कलम चाळीस टक्के वा अधिक विकलतेचे प्रमाणपत्र मिळू शकणाऱ्या मुलांपुरते आहे, पहिले तसे नाही. हा भेद पालकास कोणी समजावून सांगितला नाही, तर प्रमाणपत्र हाती येईपर्यंत शाळेतच जाता येत नाही अशी त्याची समजूत होणे अगदी स्वाभाविक आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीची कथा अशीच आहे. तीव्र वा बहुविध विकलता असलेल्या मुलास घरी शिक्षण घेण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क तिने दिला. हा पर्याय आहे, शाळेने द्यावयाचा हुकूम नव्हे, हे ज्याला कळले नाही त्या पालकाच्या बाबतीत १९११ ची वाजवी सबब नव्या नावाने परत येते. फरक इतकाच की आता ती सबब पालक शाळेपुढे मांडत नाही, शाळा पालकापुढे मांडते.

मग कळवावयाचे कोणी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती व मुलाविषयीची अन्य माहिती त्यांना द्यावयाची आहे. ही माहिती मुलाविषयीची झाली, हक्काविषयीची नव्हे. हक्काचा उल्लेख येतो तो २०१० च्या केंद्रीय नियमांत, आणि तेथे ते काम शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपविले आहे. मुलांचे हक्क परिसरातील लोकांना सोप्या व कल्पक रीतीने कळविणे आणि विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या गरजा ओळखणे, ही दोन्ही तिची कामे होत. या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. म्हणजे पालक जेव्हा कर्तव्याचा धनी होता तेव्हा त्यास कळविण्याचे काम अधिकाऱ्याचे होते. तो हक्काचा धनी झाल्यावर ते काम पालकांकडेच आले. विकेंद्रीकरणाच्या दृष्टीने याचे समर्थन करता येईल. आमच्या मते मात्र जबाबदारीची ही अदलाबदल फारशी समतोल नाही, कारण सूचना न दिल्याबद्दल कोणास जाब विचारावा याचे उत्तर पूर्वी होते, आज ते अस्पष्ट आहे.

एक तरतूद मात्र या समितीच्या रचनेतच पडून आहे. दुर्बल व वंचित गटांतील मुलांच्या पालकांना समितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे असे कलम २१ सांगते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने विकल मूल हे वंचित गटात गणले गेले आहे. ही दोन कलमे एकत्र वाचली तर पटावर अशी मुले असलेल्या जिल्हा परिषद शाळेच्या समितीत त्यांच्या पालकांचे स्थान कायद्यानेच ठरते.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास साधने दूर शोधावी लागणार नाहीत. शाळेचे जनरल रजिस्टर आणि त्यातील शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना, समितीच्या सभांची इतिवृत्ते, गटसाधन केंद्रातील विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या याद्या, ही तीन एकमेकांशी ताडून पाहावीत. पहिल्यात 'अपंग', 'मतिमंद', 'दिव्यांग' हे शब्द कोणत्या वर्षापासून येतात, दुसऱ्यात त्या मुलांच्या आईवडिलांची उपस्थितीची सही वा अंगठा आढळतो काय, आणि तिसऱ्यातील 'घरी शिक्षण' या नोंदीपुढे पालकाची लेखी संमती जोडलेली आहे काय, एवढे पाहिले तरी मानकोली ते पडघा या पट्ट्यातील शाळांपुरता एक प्रबंध सहज उभा राहील.