ट्रकचा रेडिएटर आणि ट्रान्समिशन फ्लुइड : एका पातळ भिंतीचा इतिहास

प्रस्तावना

ऑटोमॅटिक ट्रान्समिशन असलेल्या ट्रकचा रेडिएटर बदलण्याची कृती वाचलीत, तर एक सूचना तुम्हाला कोड्यात टाकेल. रेडिएटर उतरवण्याआधी ट्रान्समिशनकडून आलेल्या दोन नळ्या सोडवायच्या आणि नवा रेडिएटर बसवल्यावर ट्रान्समिशन फ्लुइडची पातळी तपासायची. रेडिएटर तर इंजिनाचा. मग गिअरबॉक्सच्या तेलाचे तिथे काय काम? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. त्या इतिहासात जर्मनीतले कारखाने, अमेरिकी सैन्याचे ट्रक आणि चक्क व्हेल मासाही येतो.

१. रेडिएटर कसा घडला

इंधनातील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग कूलंटमार्फत बाहेर टाकावा लागतो. सुरुवातीच्या मोटारींत पाणी उकळून वाफ होऊ देत आणि वरून नवे पाणी ओतत. विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीज ३५ एचपी मोटारीसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटर चौरसाच्या ८,०७० बारीक नळ्या होत्या. हवेला भिडणारे क्षेत्रफळ एवढे वाढले की पाणी थोडे लागू लागले. नंतरच्या रेडिएटरांचे रूप बदलत गेले, तरी अनेक दशके ते तांबे-पितळेचेच राहिले आणि त्यांचे सांधे डाख देऊन, म्हणजे सोल्डरने, जोडलेले असत. थंड प्रदेशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात इथिलिन ग्लायकॉल मिसळण्याची पद्धत १९२० च्या दशकात रुजली. डाख आणि ग्लायकॉल, हे दोन्ही शब्द लक्षात ठेवा.

२. तेलातून शक्ती आणि तिची उष्णता

जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये द्रवाच्या प्रवाहातून शक्ती पुढे नेण्याच्या यंत्रणेचे पेटंट घेतले. त्यांच्यासमोर प्रश्न जहाजांचा होता. टर्बाइन वेगाने फिरते, पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. ही कल्पना पुढे मोटारींत आली. जनरल मोटर्समध्ये अर्ल थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेले हायड्रा-मॅटिक ट्रान्समिशन १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या ओल्ड्समोबाइल मॉडेलसाठी, बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात ते एम-५ या हलक्या रणगाड्यात वापरले गेले. १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या जीएमसी एम-१३५ आणि एम-२११ या अडीच टनी ट्रकांत ते होते, आणि त्याच सुमारास नागरी पिकअप ट्रकांतही ते मिळू लागले.

क्लच दाबण्याचा त्रास संपला, पण त्याची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागली. साधा हिशेब करा. चढावर १०० किलोवॉट शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून जात आहे आणि कार्यक्षमता ९० टक्के आहे. उरलेली १० किलोवॉट शक्ती थेट तेल तापवते. म्हणजे दोन किलोवॉटचे पाच गीझर तेलात सोडल्यासारखे झाले.

ही उष्णता टाकायची कुठे? गाडीच्या पुढे आधीच एक उष्णता-विनिमयक बसलेला होता. रेडिएटरच्या ज्या टाकीत थंड झालेले पाणी जमते, तिच्यातच तेलाचा छोटा कूलर बसवण्याची पद्धत रूढ झाली. व्यवस्था सोपी आणि स्वस्त होती. थंडीत तेल लवकर गरम होण्यासही तिची मदत होई. मात्र आता तेल आणि कूलंट यांच्यामध्ये फक्त धातूची एक पातळ भिंत आणि डाख दिलेले सांधे उरले.

३. तेल नव्हे, यंत्राचा भाग

१९४९ मध्ये जनरल मोटर्सने ऑटोमॅटिक ट्रान्समिशनसाठी ‘टाइप ए’ हे फ्लुइडचे मानक ठरवले. १९५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि १९६७ मध्ये ‘डेक्सरॉन’ आले. वेगळे मानक कशाला, असे तुम्ही विचाराल. हा द्रव एकाच वेळी शक्ती वाहतो, दाबाने व्हॉल्व्ह चालवतो, दात्यांना वंगण देतो आणि उष्णता उचलतो. पाचवे काम सर्वांत नाजूक असते. क्लचच्या चकत्या धक्का न बसता जुळल्या पाहिजेत, पण जुळल्यावर घसरता कामा नयेत. हे घर्षण साधणाऱ्या रसायनाला घर्षण-नियामक म्हणतात.

त्या काळी या कामासाठी स्पर्म व्हेलचे तेल वापरत. रासायनिकदृष्ट्या ते नेहमीच्या चरबीसारखे नसते. त्यात मुख्यतः मेणासारखे एस्टर असतात. ते उष्णतेत टिकते आणि धातूवर पातळ थर धरते.

४. व्हेल वाचला, डाख झिजला

स्पर्म व्हेलची बेसुमार शिकार झाली होती. १९७० मध्ये अमेरिकेने त्याला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले. १९७३ च्या कायद्याने ही बंदी आणखी पक्की केली. फ्लुइड बनवणाऱ्यांना नवे घर्षण-नियामक शोधावे लागले. डेक्सरॉन-२ च्या पहिल्या आवृत्तीत व्हेलचे तेल नव्हते, आणि तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट घडली. नवा द्रव रेडिएटरमधील कूलरच्या डाखाला खाऊ लागला.

पुढची साखळी नीट पाहा. डाख झिजला की भिंत फुटते. इंजिन चालू असताना बहुधा तेलाचा दाब जास्त असतो, म्हणून तेल कूलंटमध्ये जाते. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब नाहीसा होतो, पण तापलेल्या कूलंटचा दाब टिकून राहतो. मग कूलंट तेलात शिरते. क्लचच्या चकत्यांवरचे कागदी अस्तर पाणी शोषून फुगते, त्याचा चिकटा सुटतो आणि गिअरबॉक्स निकामी होतो. बिघाड रेडिएटरमध्ये आणि मोठा खर्च गिअरबॉक्सचा! १९७० च्या दशकाच्या मध्यात गंजरोधक मिसळलेली सुधारित आवृत्ती आणावी लागली.

‘पर्यावरणाच्या कायद्याने गिअरबॉक्स बिघडवले’ असा निष्कर्ष यावरून काढला जातो. मला तो पटत नाही. कायद्याने एक घटक काढायला लावला, डाख झिजवला नाही. एक घटक बदलला की त्याच्याशी वरवर संबंध नसलेला सांधाही तपासावा लागतो, हे त्या वेळी पुरेसे ओळखले गेले नाही. पुढे आलेली डेक्सरॉन-३ (१९९३) आणि डेक्सरॉन-६ (२००५) ही मानके व्हेलशिवायच होती, आणि त्यांचे द्रव जुन्या द्रवांपेक्षा अधिक टिकाऊ ठरले. व्हेलच्या तेलाला पर्याय म्हणून जोजोबा या वाळवंटी झुडपाच्या तेलाचाही अभ्यास झाला, कारण त्यातही तसेच एस्टर असतात. आपल्याकडे राजस्थानात जोजोबाची लागवड झाली आहे.

५. आजच्या कामात हा इतिहास

आता सुरुवातीच्या सूचनेकडे परत या. प्रत्येक पायरीमागचे कारण तुम्हीच सांगू शकाल.

- इंजिन गार झाल्यावरच झाकण उघडा. आत दाबाखाली असलेले कूलंट उसळून भाजू शकते.
- कूलरच्या नळ्या सोडवताना दोन पाने वापरा. एकाने रेडिएटरकडचा नट धरून ठेवा, नाहीतर कूलरचा सांधा पिळवटतो. नळ्यांची तोंडे लगेच बंद करा.
- फ्लुइडचा रंग पाहा. स्वच्छ लाल असेल तर ठीक. काळपट आणि करपट वासाचे असेल तर ते जास्त तापले आहे. गुलाबी, दुधाळ दिसले तर त्यात कूलंट शिरले आहे. अशी गाडी चालवू नका. नुसते फ्लुइड बदलूनही भागत नाही. नळ्या धुवाव्या लागतात आणि क्लचच्या चकत्या तपासाव्या लागतात.
- नवा रेडिएटर बसवल्यावर कूलंट भरून हवा काढा. मग उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला फ्लुइडची पातळी मोजा, कारण तेल तापले की प्रसरण पावते.
- उत्पादकाने सांगितलेल्या मानकाचेच फ्लुइड वापरा. लाल रंग ही मानकाची खूण नव्हे.

भारतात बहुतेक ट्रकांना हाताने बदलायचे गिअर असल्याने हा विषय आपल्याला लांबचा वाटतो. पण दिल्लीच्या लो-फ्लोअर सीएनजी बसगाड्यांत ऑटोमॅटिक ट्रान्समिशन आले आहे. मोठ्या वाहनांत कूलर अनेकदा रेडिएटरच्या टाकीबाहेर असतो, तरी त्यात इंजिनाचेच कूलंट फिरते. नव्या ट्रकांतील ‘एएमटी’ मात्र वेगळी असते. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो, क्लच यंत्र दाबते. दोघांची तेले एकमेकांत मिसळू नका.

समारोप

आज रेडिएटर बहुधा अॅल्युमिनियमचे असतात आणि त्यांच्या टाक्या प्लास्टिकच्या. डाखाचा प्रश्न मागे पडला, पण तेल आणि कूलंट यांच्यामधली भिंत पातळच आहे. रेडिएटर बदलणाऱ्याला गिअरबॉक्सचाही विचार करावा लागतो, तो तिच्यामुळेच.

विचार करा

१. तेलाचा कूलर टाकीत ठेवण्याऐवजी रेडिएटरच्या पुढे, हवेत ठेवला तर कोणता धोका टळेल आणि कोणता फायदा गमावला जाईल?
२. इंजिन बंद केल्यानंतर गळतीची दिशा का उलटते?
३. बंदीमुळे एखादा घटक बदलावा लागला, असे तुमच्या शाखेतील एक उदाहरण शोधा. त्याचा परिणाम कोणत्या अनपेक्षित भागावर झाला?