लपण आणि छायाचित्राची साक्ष : मराठवाड्याच्या पक्षिनोंदींच्या निमित्ताने

इतिहासाचे साधन म्हणून छायाचित्राचा स्वीकार आता सर्वत्र झाला आहे. तथापि ताम्रपट किंवा बखर वाचताना जी चिकित्सा आपण सहज करतो, ती छायाचित्राच्या वाट्यास क्वचितच येते. रानपक्ष्यांच्या छायाचित्रांबाबत ही उणीव विशेष जाणवते. अंड्यांवर बसलेल्या टिटवीचे चित्र पाहणारास पक्षी दिसतो. आठदहा हातांवर कापडाच्या आड बसलेला मनुष्य दिसत नाही. या आडोशास पक्षिनिरीक्षक ‘लपण’ म्हणतात. उचलून नेता येण्याजोग्या लपणाचा इतिहास ध्यानी घेतल्यावाचून त्यातून मिळालेल्या चित्रांची साक्ष नीट लावता येत नाही, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य होय.

लपणाची कल्पना मूळची छायाचित्रकाराची नव्हे, शिकाऱ्याची आहे. चरणाऱ्या गुरास पक्षी बुजत नाही, हे आपल्याकडील पारध्यांस पूर्वापार ठाऊक होते. शिकविलेल्या गाईच्या वा बैलाच्या आडून सावज गाठण्याच्या रीतीवरूनच ‘गायपारधी’ हे नाव पडले. इंग्लंडमध्ये रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी 1900 च्या सुमारास बैलाचे कातडे भरून त्याच्या पोटात कॅमेरा व माणूस बसविला, त्यामागील तत्त्व हेच. मात्र तेथे ही युक्ती कल्पकता म्हणून गौरविली गेली. येथे ती जाणणाऱ्या पारधी समाजातील लोकांवर ब्रिटिश अमदानीत गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला, आणि तत्संबंधीचा कायदा रद्द होण्यास 1952 साल उजाडावे लागले. पक्षिनिरीक्षणाच्या इतिहासात पारध्यांच्या या ज्ञानाची नोंद व्हावयास हवी.

आरंभीच्या छायाचित्रकारांपुढील अडचणी निराळ्याच होत्या. काचा मंद, भिंगे आखूड आणि कॅमेरा अवजड. पक्षी हमखास कोठे परत येईल, हे ठाऊक असल्यावाचून काहीच साधत नसे. आणि अशी हमखास जागा म्हणजे घरटे. टिटवीच्याच कुळातील एका पक्ष्याचे अंडी उबवितानाचे चित्र रेजिनाल्ड लॉज यांनी टिपले आणि त्याबद्दल 1895 मध्ये त्यांना रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे पदक मिळाले. चार काठ्यांवर ताणलेले कापड प्रथम दूर उभारावयाचे, पक्षी त्यास सरावला की थोडे पुढे सरकवावयाचे, असा क्रम काही दिवस चाले. आत शिरताना सोबत एक मनुष्य न्यावयाचा व त्याने एकट्याने परत जावयाचे. दोघे आले आणि एकच गेला, याचा हिशेब बहुतेक पक्षी ठेवीत नाहीत.

ही पद्धत जितकी संयमाची, तितकीच हस्तक्षेपाची होती. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस हेरिक यांच्या 1901 मधील ‘द होम लाइफ ऑफ वाइल्ड बर्ड्स’ या ग्रंथात तंबूतून केलेल्या निरीक्षणांचे विवेचन आहे. परंतु तंबूसमोर उजेडात पक्षी दिसावा म्हणून ते घरट्याची फांदी कापून सोयीच्या जागी रोवीत. म्हणजे चित्रातील पिलांना चारा देणारी मादी खरी, पण घरट्याची जागा निरीक्षकाने ठरविलेली! अशा चित्रावरून पक्षी घरट्यासाठी कोणते स्थान निवडतो याविषयी अनुमान काढणे धोक्याचे ठरेल. शिवाय घरट्यावरील चित्रांचा संग्रह फुगत गेला आणि स्थलांतरित पक्ष्यांचे जीवन मागे राहिले. तो पक्ष्यांचा स्वभाव नव्हे, साधनाची मर्यादा होती.

आपल्या देशात लपणातील छायाचित्रणास ग्रंथरूप दिले ते रेल्वेसेवेतील ई. एच. एन. लोदर यांनी; ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ हे त्यांचे पुस्तक 1949 मध्ये प्रसिद्ध झाले. सिंगापूरचे उद्योगपती व सालिम अली यांचे स्नेही लोक वान थो यांचे ‘अ कंपनी ऑफ बर्ड्स’ 1957 मध्ये आले. मराठवाड्याची पहिली पद्धतशीर पक्षिनोंद मात्र लपणातून झालेली नाही. औरंगाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात असताना सालिम अली यांनी 1931-32 मध्ये हैदराबाद संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण केले. त्याचे फलित ह्यू व्हिस्लर यांच्या टिपणांसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे पुरावा बंदुकीने मिळविलेला होता. तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे : संग्रहातील मृत नमुन्याच्या पायास चिठ्ठी बांधलेली असते, तीवर स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव असते. जिवंत पक्ष्याच्या सुंदर छायाचित्रास अशी चिठ्ठी बहुधा नसते.

हा भेद नाथसागरामुळे अधिकच महत्त्वाचा झाला आहे. पैठण येथे गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 मध्ये आणि उद्घाटन 1976 मध्ये झाले. 1986 मध्ये हे क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. म्हणजे 1931-32 च्या सर्वेक्षणाच्या वेळी हा विस्तीर्ण जलाशय अस्तित्वातच नव्हता. रोहित, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक यांचे थवे आज तेथे दिसतात. या स्थित्यंतराचा वृत्तान्त मुख्यत्वे छायाचित्रांतूनच लिहावा लागेल. उथळ, उघड्या काठावर मचाणास झाड नाही; आणि हिवाळ्याकडून उन्हाळ्याकडे पाणी ओसरत जाते, तसे स्थिर लपण कोरड्यात मागे पडते. म्हणून हलते लपणच येथे उपयोगी. पण त्यामुळेच एकाच हंगामातील दोन चित्रे एकाच जागेवरची आहेत, असे गृहीत धरता येत नाही. पाणथळीची रुंदी, थव्याची दाटी, पक्ष्यांचे अंतर या साऱ्यांचा अर्थ लपण कोठे होते यावर अवलंबून असतो.

येथे नीतीचा प्रश्न पुराव्याच्या प्रश्नाशी येऊन मिळतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे समाविष्ट केले. शिकाऱ्याच्या आडोशातून जन्मलेले लपण घरट्याशी बेपर्वाईने नेले, तर ती कायद्याच्या दृष्टीनेही पुन्हा शिकारच ठरू शकते. बुजलेला पक्षी घरटे टाकून जातो. आणि न बुजल्यासारखा दिसणारा पक्षीही कदाचित मान ताठ करून कापडाकडेच पाहत असतो. पहिल्यात जीव जातो, दुसऱ्यात साक्ष दूषित होते. यास्तव पक्ष्याचे हित आणि इतिहासकाराचे हित परस्परविरोधी नाहीत. जे लपण पक्ष्यास कमीत कमी जाणवते, तेच अधिक विश्वसनीय चित्र देते.

तात्पर्य, जलाशयाच्या पक्षिजीवनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी चित्रे जमविताना त्यांच्यासोबत चिठ्ठीही जमविली पाहिजे : दिनांक, वेळ, स्थळ, पाण्याची पातळी, लपणाचे अंतर, ते किती दिवस उभे होते आणि पक्षी त्याकडे लक्ष देत होता की नाही. कॅमेऱ्यात आज दिनांक व वेळ आपोआप उमटते. उरलेल्या बाबी मनुष्यानेच लिहावयाच्या आहेत. आडोशामागील माणसाने चित्रात दिसू नये हे योग्यच. परंतु नोंदीत त्याने लपून राहता कामा नये.