हवासा बर्फ, नकोसा बर्फ : गाडीच्या गोठलेल्या काचेचा इतिहास

#थ्रेड

१/
छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीतून २००१ पासून स्कोडाच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. कंपनीचे मूळ गाव म्लादा बोलेस्लाव, चेक प्रजासत्ताकात. तेथे हिवाळ्यात रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या काचा सकाळी बर्फाने पांढऱ्या झालेल्या असतात आणि त्या खरवडल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मराठवाड्याला हा अनुभव नाही. तरीही त्या हिवाळ्याची एक खूण मोटारीसोबत इथवर आली : मागच्या काचेवरील बारीक, आडव्या, तपकिरी रेषा.

२/
काचेवरचा बर्फ काढणे हे काम क्षुल्लक वाटते. पण तो बर्फ येतो कुठून, या प्रश्नाचे उत्तर दोन-अडीचशे वर्षांपूर्वी अलाहाबादच्या (आजच्या प्रयागराजच्या) बर्फ करणाऱ्या मजुरांच्या हातांना ठाऊक होते. आज मोटारचालकाला जो बर्फ नको असतो, तोच त्यांना हवा होता. दोन्हींमागचा नियम एकच.

३/
प्रथम शहराचे हवामान. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे. उत्तर भारतातून थंडीची लाट आली की इथला पारा कधी कधी फार खाली घसरतो. फेब्रुवारी १९११ च्या आरंभी, निजामाच्या राजवटीत, तो शून्याच्या अवघ्या एक-दोन अंश वर येऊन थांबला होता. पण ही अपवादाची रात्र. एरवीच्या हिवाळ्यात इथल्या काचांवर फार तर दव पडते.

४/
महाराष्ट्रात गाडीवर बर्फ पाहायचा असेल, तर महाबळेश्वरला जावे लागते. कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात पहाटे स्ट्रॉबेरीची पाने, गवत आणि उभ्या मोटारींचे टप पांढरे होतात. लोक त्यांना ‘हिमकण’ म्हणतात. हा बर्फ आकाशातून पडलेला नसतो. दव जागीच गोठलेले असते.

५/
यात एक कोडे आहे. अशा पहाटे हवेचे तापमान पुष्कळदा शून्याच्या वर असते. तलावाकाठच्या सखल जागेत थंड हवा साचते, म्हणून तिथे गारठा अधिक, हे खरे. पण तेवढ्याने कोडे सुटत नाही. हवा गोठणबिंदूच्या वर असताना गाडीच्या टपावरचे पाणी गोठते कसे?

६/
हिंदुस्थानातील बर्फ म्हटले की मोगल दरबार आठवतो. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त सोऱ्याच्या पाण्यात भांडे फिरवून पिण्याचे पाणी गार करण्याची रीत नोंदलेली आहे. दरबार लाहोरला असताना उत्तरेकडील डोंगरांतून बर्फ आणवला जाई, हेही तिथेच आढळते. पण सोऱ्याने पाणी गार होई, त्याचा बर्फ होत नसे. आणि डोंगरातला बर्फ दुरून आणावा लागे. मैदानी प्रदेशात, उघड्या शेतात बर्फ ‘पिकवण्याची’ कला निराळीच.

७/
या कलेचे तपशीलवार वर्णन १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेखक सर रॉबर्ट बार्कर, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी. अलाहाबादेत तळी-हौद आपोआप गोठल्याचे कुणी पाहिल्याचे त्याच्या ऐकिवात नव्हते. तापमापकही गोठणबिंदूपर्यंत उतरल्याची नोंद नव्हती. तरीही तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बर्फ तयार होत असे.

८/
रीत अशी : मोकळ्या मैदानात सुमारे तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल चौकोनी खड्डे खणायचे. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे आठ ते बारा इंच जाडीने पसरायची. त्यावर मातीची बिनझिलईची, उथळ भांडी ओळीने मांडायची. भांड्याची खोली जेमतेम सव्वा इंच. संध्याकाळी त्यांत उकळून निववलेले पाणी ओतायचे आणि रात्रभर तसेच ठेवायचे.

९/
सूर्योदयापूर्वी मजूर येत. भांड्यांत धरलेला बर्फ काढून टोपल्यांत भरत आणि चौदा-पंधरा फूट खोल साठवणीच्या खड्ड्यात नेऊन टाकत. त्या खड्ड्याला आतून गवताचे आणि जाड घोंगडीचे अस्तर असे. तिथे बर्फ ठेचून एकसंध केला जाई आणि तो उन्हाळ्यापर्यंत टिके. रात्र निरभ्र आणि निवांत असेल तरच पीक चांगले येई. ढग आले किंवा वारा सुटला की रात्र वाया जाई.

१०/
असे का होते, याविषयी विद्वानांचा तर्क ठरलेला होता : मातीच्या भांड्यातून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते आणि उरलेले पाणी गोठते. माठातले पाणी गार होते तसेच. तर्क पटण्याजोगा होता, पण अपुरा होता. वाऱ्याने बाष्पीभवन वाढते. मग वारा सुटला की बर्फ का होत नसे? ढगांचा त्यात काय संबंध?

११/
उत्तर १८१४ साली मिळाले. लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स याने दवावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. बागेत रात्ररात्र बसून त्याने गवतावर तापमापक ठेवले होते. चार काड्यांवर एक तलम रुमाल ताणून गवतापासून काही इंच उंचीवर बांधला, तर त्याखालचे गवत उघड्या गवतापेक्षा काही अंश उबदार राहते, असे त्याला आढळले. रुमालाने हवा अडली नव्हती. अडले होते ते आकाश.

१२/
प्रत्येक वस्तू आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकत असते. ढगाळ रात्री ढग त्यातील बरीच उष्णता परत करतात. निरभ्र रात्री ती आकाशाकडे निघून जाते आणि परत फारच थोडी येते. म्हणून आकाशाकडे तोंड करून पडलेली वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. आधी तिच्यावर दव जमते. ती गोठणबिंदूखाली गेली की बर्फ धरतो.

१३/
आता अलाहाबादची रीत पुन्हा पाहावी. उथळ भांडे म्हणजे पाणी थोडे आणि आकाशाला दिलेले तोंड मोठे. खालची ताटे म्हणजे जमिनीची ऊब वर येऊ न देणारी गादी. निरभ्र रात्र म्हणजे उष्णतेला मोकळी वाट. वारा नको, कारण तो भोवतालची तुलनेने उबदार हवा पुन्हा पुन्हा पाण्यावर आणतो. वेल्सने स्वतःच बंगालच्या बर्फाचा विचार करून बाष्पीभवनाचा तर्क बाजूला सारला. मजुरांची एकही कृती चुकीची नव्हती. चुकले होते ते तिचे स्पष्टीकरण.

१४/
वेल्सच्या निबंधात एक प्रांजळ कबुलीही आहे. नाजूक रोपांवर रात्री पातळ चटया पसरणाऱ्या माळ्यांना तो पूर्वी हसत असे. एवढ्याशा आच्छादनाने थंडी कशी अडणार, असे त्याला वाटे. प्रयोगानंतर त्याने मान्य केले की माळी बरोबर होते आणि आपले ज्ञान अर्धवट होते.

१५/
मोटारीची काच म्हणजे याच प्रयोगाची नवी आवृत्ती. पुढची काच आकाशाकडे झुकलेली असते, म्हणून ती बाजूच्या उभ्या काचांपेक्षा आधी आणि जास्त गोठते. झाडाखाली किंवा पोर्चमध्ये उभी केलेली गाडी कोरडी राहते, तर शेजारीच उघड्यावर असलेली पांढरी होते. थंड देशांतील लोक रात्री काचेवर चादर किंवा जाड कागद अंथरतात. तोच वेल्सचा रुमाल आणि तीच माळ्याची चटई.

१६/
मोटारी येण्यापूर्वीच बर्फ पिकवणाऱ्यांचा धंदा मागे पडू लागला होता. सप्टेंबर १८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ घेऊन कलकत्त्याला पोहोचले. व्यापारी होता फ्रेडरिक ट्यूडर. पुढच्याच वर्षी असा बर्फ मुंबईतही उतरला. तो स्वच्छ होता, घट्ट होता, मोठ्या लाद्यांत मिळत होता. मातीच्या भांड्यांतला पातळ बर्फ त्याच्यापुढे टिकला नाही. नंतर यंत्रे आली आणि ट्यूडरचा व्यापारही संपला.

१७/
विसाव्या शतकात प्रश्न उलटा झाला. १९०२-०३ च्या हिवाळ्यात अलाबामाची मेरी अँडरसन न्यूयॉर्कमध्ये ट्रामने प्रवास करत होती. बाहेर गारठवणारा हिमवर्षाव चालू होता. समोरचे दिसावे म्हणून चालकाला काच उघडून कुडकुडत गाडी हाकावी लागत होती. त्यावरून तिने आत बसून दांड्याने फिरवता येईल अशी रबरी पट्टी कल्पिली. १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला त्याचे पेटंट मिळाले.

१८/
१९०५ मध्ये कॅनडातील एका कंपनीने हे पेटंट विकत घेण्यास नकार दिला. कारण दिले : याला व्यापारी मूल्य नाही. सतरा वर्षांची मुदत १९२० मध्ये संपली, आणि वायपर मोटारींवर सर्रास दिसू लागले ते त्यानंतर. आज वायपर नसलेली मोटार सापडत नाही. अँडरसनला मात्र त्यातून काही मिळाले नाही.

१९/
वायपर पाणी आणि भुसभुशीत हिम पुसतो. काचेला चिकटलेला बर्फ त्याला दाद देत नाही. त्यासाठी मुख्य उपाय दोन : खरवडणे किंवा तापवणे. इंजिनाची ऊब पंख्याने पुढच्या काचेवर सोडण्याची सोय झाली. मागच्या काचेवर विजेने तापणाऱ्या रेषा आल्या. चांदीचा अंश असलेला लेप काचेवर छापून तो भाजून पक्का केला जातो. खरवडणीचे महत्त्वही टिकून आहे. यूरोपात स्कोडाने ती इंधनटाकीच्या झाकणाच्या आतच बसवून दिली.

२०/
हे सारे केवळ सोयीसाठी नाही. काचेवर हातभर जागा पुसून गाडी हाकणाऱ्याला बाजूने येणारा पादचारी दिसत नाही. म्हणून ब्रिटनच्या वाहतूक संहितेनुसार निघण्यापूर्वी सर्व काचांवरील बर्फ काढावा लागतो. जर्मनीत काच वितळेपर्यंत इंजिन नुसते चालू ठेवणे हाही दंडनीय प्रकार आहे. तिथे नव्याने गेलेल्या मराठी कुटुंबांना आणखी एक धडा लवकर शिकावा लागतो : गोठलेल्या काचेवर उकळते पाणी ओतायचे नाही. काच एकाएकी असमान प्रसरण पावते आणि तडकते.

२१/
मग संभाजीनगरच्या मोटारीला त्या तपकिरी रेषांचा उपयोग काय? उपयोग आहे, पण ऋतू वेगळा. पावसाळ्यात चाळीसगावकडे जाताना कन्नडचा घाट लागतो. त्याला औट्रम घाट असेही म्हणतात. बाहेर पाऊस, आत चार माणसांचे श्वास आणि ओले कपडे. थंड काचेच्या आतल्या बाजूवर बाष्प जमते आणि मागचे दिसेनासे होते. बटण दाबले की रेषा तापतात आणि काच निवळते. हिमासाठी घडलेले साधन इथे पावसाच्या कामी येते.

२२/
निरभ्र रात्रीशी महाराष्ट्राची खरी झुंज मात्र काचेवर नाही, शेतात आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात पारा उतरला की द्राक्षउत्पादक पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात, वेलींना पाणी देतात. गोठलेले दव मोटारीच्या काचेवर पडले तर दहा मिनिटे जातात. द्राक्षाच्या मण्यांवर पडले तर वर्ष जाते.

२३/
इतिहासात वेल्सचे नाव राहिले, ट्यूडरचे राहिले आणि उशिरा का होईना, अँडरसनचेही आले. ज्यांनी हिवाळ्याच्या रात्री हजारो भांडी भरली, वारा आणि ढग पाहून पिकाचा अंदाज बांधला आणि पहाटेच्या अंधारात थिजल्या बोटांनी बर्फ वेचला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव बार्करने लिहून ठेवले नाही. रात्री काच झाकून ठेवणारा प्रत्येक चालक त्यांचेच ज्ञान उलट्या दिशेने वापरत असतो. त्यांनी पाणी आकाशाला उघडे केले, तो काच आकाशापासून झाकतो.