राजवाड्यांतील चिमुकला सिंह

लढायांच्या तारखा इतिहासग्रंथांत सांपडतात. पण लढाईचें खरें स्वरूप कधीं कधीं एखाद्या लहानशा प्राण्याच्या नांवांतच अधिक स्पष्ट दिसतें. चीनमधील पेकिनी कुत्र्याची कथा अशीच आहे.

या कुत्र्याचें वजन सुमारें पांच किलो. चेहरा चपटा, डोळे टपोरे, पुढचे पाय आखूड व किंचित् वांकडे, मानेभोंवतीं दाट आयाळ आणि चाल डुलत डुलत. हें रूप माणसानें घडविलेलें आहे. बौद्ध धर्माबरोबर सिंहाची प्रतिमा चीनमध्यें गेली. परंतु त्या देशांत सिंह नव्हता. तेव्हां मूर्तींतल्या सिंहाशीं साम्य असलेलीं कुत्रीं राजवाड्यांत पिढ्यान् पिढ्या जोपासण्यांत आलीं. अगदीं लहान कुत्रीं दरबारी मंडळी अंगरख्याच्या रुंद बाहींत घेऊन फिरत. गंमत अशी, कीं २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें हीच जात लांडग्याला जवळच्या प्राचीन गटांत बसविली!

अफूच्या दुसऱ्या युद्धाच्या अखेरीस, ऑक्टोबर १८६० मध्यें, इंग्रज व फ्रेंच फौजांनीं पेकिंगजवळचा युआनमिंगयुआन हा राजप्रासाद लुटला आणि पुढें लॉर्ड एल्जिनच्या हुकुमानें तो जाळण्यांत आला. बादशहा आधींच निघून गेला होता. तेथें सांपडलेल्या कुत्र्यांपैकीं एक कॅप्टन डन यानें व्हिक्टोरिया राणीस नजर केलें. त्याचें नांव ठेवलें ‘लूटी’! १८६१ सालीं कील या चित्रकारानें त्याचें चित्र काढलें. १८७२ सालीं तें कुत्रें मेलें.

‘लूट’ हा शब्द इंग्रजीनें आपल्याच देशांतून उचललेला आहे. आपला संबंध शब्दापुरताच असता तर बरें होतें. परंतु माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जात असे, आणि त्या स्वारींत हिंदी पलटणीहि होत्या. म्हणून ही कथा केवळ परक्यांच्या पापाची म्हणून आपणांस वाचतां येत नाहीं.

युरोपांत गेल्यावर प्रदर्शनांच्या हौसेनें या जातीचें तोंड अधिकच चपटें होत गेलें. त्यामुळें श्वासाचे व डोळ्यांचे विकार वाढले. अखेर २००८ सालीं ब्रिटिश केनेल क्लबला या जातीच्या आदर्श वर्णनांत सुधारणा करावी लागली. मांडीवर कौतुकानें घेतलेल्या या मुक्या जीवाला निदान मोकळा श्वास मिळावा, एवढें तरी आपण त्याचें देणें लागतों, असें आम्हांस वाटतें.