स्टॅनफर्ड, लीलंड

(९ मार्च १८२४–२१ जून १८९३). अमेरिकन व्यापारी, लोहमार्ग-उद्योजक, कॅलिफोर्निया राज्याचा गव्हर्नर व स्टॅनफर्ड विद्यापीठाचा संस्थापक. जन्म न्यूयॉर्क राज्यातील वॉटरव्हलीट येथे एका शेतकरी कुटुंबात. ऑल्बनी येथे कायद्याचा अभ्यास करून त्याने १८४८ मध्ये वकिलीची सनद मिळविली व विस्कॉन्सिनमधील पोर्ट वॉशिंग्टन येथे व्यवसाय सुरू केला. १८५० मध्ये त्याचा जेन लॅथ्रॉप हिच्याशी विवाह झाला. १८५२ मध्ये त्याचा कायदेविषयक ग्रंथसंग्रह आगीत भस्मसात झाला, तेव्हा वकिली सोडून तो कॅलिफोर्नियास गेला. सोन्याच्या शोधार्थ आलेल्या खाणकामगारांना किराणा, अवजारे इ. माल पुरविण्याचा त्याच्या भावांचा तेथे धंदा होता. त्यात त्याने जम बसविला आणि १८५६ पासून सॅक्रामेंटो येथे तो ठोक व्यापार करू लागला.

कॅलिफोर्नियात रिपब्लिकन पक्षाची उभारणी करणाऱ्यांपैकी तो एक होता. १८५९ मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत त्याचा पराभव झाला. परंतु यादवी युद्धामुळे डेमॉक्रॅटिक पक्षात फूट पडल्याने १८६१ मध्ये तो विजयी झाला. जानेवारी १८६२ मध्ये पदग्रहणाच्या दिवशी सॅक्रामेंटो शहर महापुराने वेढले होते व त्यास समारंभास नावेतून जावे लागले. १८६३ च्या अखेरपर्यंतच्या कारकीर्दीत कॅलिफोर्निया संघराज्याशी एकनिष्ठ ठेवण्यास त्याने हातभार लावला.

गव्हर्नरपदी असतानाच तो सेंट्रल पॅसिफिक या लोहमार्ग कंपनीचा अध्यक्षही होता, ही त्याच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त बाब होय. थीओडोर जूडा या अभियंत्याच्या योजनेवरून स्टॅनफर्ड, कॉलिस हंटिंग्टन, मार्क हॉपकिन्स व चार्ल्स क्रॉकर या सॅक्रामेंटोच्या चार व्यापाऱ्यांनी १८६१ मध्ये ही कंपनी स्थापन केली. १८६२ च्या संघीय कायद्यानुसार सपाट प्रदेशात दर मैलास १६,००० डॉलर, तर पर्वतीय प्रदेशात ४८,००० डॉलर मूल्याचे सरकारी कर्जरोखे मिळावयाचे होते. साहजिकच पर्वत कोठे सुरू होतो, या प्रश्नास पैशाचे मोल आले. राज्याचा भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी याने सॅक्रामेंटोपासून सुमारे ११ किमी.वरील आर्केड खाडीपाशी सिएरा नेव्हाडाचा पायथा दाखविला. प्रत्यक्षात तेथे सपाट मैदान होते. राष्ट्राध्यक्ष लिंकनने तो अभिप्राय मान्य केला. सॅन फ्रॅन्सिस्को, सॅक्रामेंटो इ. स्थानिक संस्थांना कंपनीचे भाग घेण्यास मुभा देणारे कायदेही स्टॅनफर्डच्याच कारकीर्दीत संमत झाले. हितसंबंधांचा हा उघड संघर्ष तत्कालीन राजकारणात फारसा निषिद्ध मानला जात नव्हता, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

चिनी लोकांविषयीच्या त्याच्या धोरणातील विसंगती याहून अधिक बोलकी आहे. पदग्रहणाच्या भाषणात त्याने आशियाई वसाहतकऱ्यांना हीन लेखून त्यांच्या आगमनास प्रतिबंध करण्याचा पुरस्कार केला. चिनी रहिवाशांवर दरमहा अडीच डॉलर कर बसविणारा कायदा १८६२ मध्ये त्याच्या संमतीने झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी अवैध ठरविला. पुढे गोऱ्या मजुरांची टंचाई भासताच कंपनीने हजारो चिनी मजूर कामावर घेतले आणि १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्षांना पाठविलेल्या अहवालात स्टॅनफर्डने त्यांच्या शांत व उद्योगी वृत्तीची प्रशंसा केली. सिएराच्या कठीण खडकांतील बोगदे प्रामुख्याने त्यांनीच खोदले. हिमपात व सुरुंगांत अनेकांचे प्राण गेले. जून १८६७ मध्ये गोऱ्यांइतके वेतन व कमी तास यांसाठी त्यांनी संप पुकारला. परंतु क्रॉकरने अन्नाचा पुरवठा तोडल्याने तो आठवडाभरातच मोडला. कंपनीच्या वेतनपत्रकांत बहुधा टोळीच्या मुकादमाचेच नाव आढळते. त्यामुळे बहुतेक मजूर इतिहासात अनामिकच राहिले. १० मे १८६९ रोजी यूटामधील प्रॉमंटरी येथे पूर्व व पश्चिमेकडील लोहमार्ग जोडले गेले, तेव्हा सोन्याचा खिळा बसविण्याचा मान स्टॅनफर्डला मिळाला.

पुढे सदर्न पॅसिफिकसह राज्यातील बहुतेक लोहमार्ग या गटाच्या हाती आले व त्यांच्या मक्तेदारीविरुद्ध शेतकरी व व्यापारी वर्गांत तीव्र असंतोष माजला. अश्वपैदाशीच्या छंदातून स्टॅनफर्डने एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारास आश्रय दिला. दौडत्या घोड्याचे चारही पाय क्षणभर अधांतरी असतात, हे मायब्रिजने १८७८ मध्ये पॅलो ॲल्टो येथे घेतलेल्या छायाचित्रमालिकेने सिद्ध झाले. चलच्चित्रणाच्या पूर्वतिहासात या प्रयोगास महत्त्व आहे.

एकुलता एक मुलगा लीलंड पंधराव्या वर्षी फ्लॉरेन्स येथे विषमज्वराने मरण पावला (१८८४). त्याच्या स्मरणार्थ पतिपत्नींनी १८८५ मध्ये विद्यापीठाची सनद केली व १८९१ मध्ये ते सुरू झाले. स्त्रियांना प्रवेश व विनामूल्य शिक्षण ही त्याची आरंभीची वैशिष्ट्ये होती. स्टॅनफर्ड १८८५ पासून अमेरिकेच्या सीनेटचा सदस्य होता. कामगारांच्या सहकारी संस्थांना उत्तेजन देणारे विधेयक त्याने तेथे मांडले. मक्तेदार म्हणून ख्यात असलेल्या व्यक्तीकडून ते यावे, याचे अनेकांना नवल वाटले. मात्र ते संमत झाले नाही.

पॅलो ॲल्टो येथे त्याचे निधन झाले. त्या वर्षीच्या आर्थिक अरिष्टात त्याची मालमत्ता न्यायालयीन कारवाईत अडकली व संघशासनाने लोहमार्गाच्या कर्जापोटी तिच्यावर सुमारे दीड कोटी डॉलरांचा दावा लावला. या काळात जेनने घरखर्चात काटकसर करून विद्यापीठ चालू ठेवले. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला.